गेटखालचं पोपटी चाक

शनिवार, ७ फेब्रुवारी. ठरलेली रक्कम अकरा हजार दोनशे रुपये. एका चाकाचे अठ्ठावीसशे, अशी चार चाकं. टायर काढण्या-बसवण्याचे वेगळे, ते शेजारच्या टायरवाल्याला. हजर तिघं: मी, माझी बायको आणि वाडीकडच्या रस्त्यावरच्या पावडर कोटिंगच्या कारखान्याचा मालक. काम असं की माझ्या धाकट्या भावाच्या गाडीची पोपटी चाकं राखाडी करून घ्यायची. ज्या बाईचा या कामाशी सगळ्यात जास्त संबंध होता, म्हणजे भावाची बायको, ती तिथे नव्हती. तिची संमती माझ्या बायकोनं आणली होती.

भाऊ मागच्या वर्षी जुलैत गेला. औषधाच्या कंपनीचा प्रतिनिधी होता. एका दवाखान्यात डॉक्टरांना भेटायला बाकावर बसला होता, पेशंटांच्या रांगेत. नंबर आला तेव्हा उठला नाही. वय चव्वेचाळीस. आम्ही दोघं भाऊ सक्करदऱ्यात एकाच घरात राहत होतो, स्वयंपाक एकच. दोन्हीकडची मुलं शिकायला बाहेर आहेत. आता घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि ती.

गाडी त्याची. पांढरी, साधी. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो ती घेऊन आला तेव्हा तिची चाकं पोपटी झाली होती. मी एका खाजगी कंपनीत हिशेब पाहतो, त्यामुळे माझ्या तोंडून आधी 'किती लागले' हेच निघालं. त्यानं आकडा सांगितला. मी म्हटलं, एवढ्यात चांगला टायरचा जोड आला असता. तो हसला. "दादा, डॉक्टर माझं नाव विसरते, औषधाचं नाव विसरते. पण पोपटी चक्के कोणी विसरते का?" पुढे मला कळलं की एका बगिच्याच्या कठड्याचं काम झाल्यावर कारखान्यात तो रंग उरला होता, म्हणून त्याला तो स्वस्तात पडला होता. रंगामागे याहून मोठं कारण नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर घरात आणि बाहेर लोकांनी त्या रंगाला बरीच कारणं जोडली.

पण त्याचं म्हणणं खरं निघालं. धरमपेठेतल्या औषधाच्या दुकानांपासून उमरेडच्या बस स्टँडासमोरच्या चहावाल्यापर्यंत सगळे त्याला त्या चाकांनी ओळखायचे. तो गेल्यावर गाडी दोन महिने दारात उभी होती. मग भावाच्या बायकोचा आतून निरोप आला की उभी राहून खराब होईल, म्हणावं चालवा. माझी स्वतःची गाडी मी त्याआधीच विकली होती. मी चालवायला लागलो.

पहिल्या दिवसापासून हात दिसायला लागले. चौकातला पोहेवाला, मेडिकलच्या काउंटरवरचा माणूस, सिग्नलवर स्कूटर थांबवलेला कोणी डॉक्टर. गाडी दिसली की हात वर जायचा, तोंडावर हसू यायचं, आणि काचेतून मी दिसलो की हात अर्ध्यावर थांबायचा. काही जण तो तसाच केसांतून फिरवून खाली घ्यायचे, म्हणजे जणू त्यासाठीच उचलला होता. ज्यांना तो गेल्याचं माहीत नव्हतं ते हात पूर्ण वर करायचे आणि मी निघून जाईपर्यंत हलवत राहायचे. मला ते जास्त जड जायचं. ऑफिसला जाताना आणि येताना, रोज दोन वेळा, शहर एका मेलेल्या माणसाला नमस्कार करत होतं आणि तो मी घेत होतो. उत्तर द्यावं की नाही हे मला ठरवता आलं नाही. मग मी समोर बघून चालवायला शिकलो.

तरी रंग बदलण्याचं कारण हे नव्हतं. कारण घरातलं होतं आणि ते समजायला आमचं गेट सांगावं लागेल.

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा तो घरांपेक्षा दीड फूट उंच झाला. अंगण खाली राहिलं. गेट बाहेर उघडतं. नवा उतार झाल्यावर ते जमिनीला घासायला लागलं, म्हणून खालून कापून घ्यावं लागलं. आता ते बंद असलं तरी रस्त्यापासून फूटभर वर असतं. गेट पत्र्याचं आहे, वरून काही दिसत नाही. पण अंगणात घराच्या पायरीवर बसलं की नजर बरोबर रस्त्याच्या जरा वर येते, आणि गेटखालून रस्त्यावर काय थांबलं आहे ते दिसतं. माणसाचे पाय, कुत्री, सायकल. गाडी आली की डाव्या बाजूची दोन चाकं. मी गाडी गेट उघडण्यापुरती जागा सोडून गेटासमोर लावतो, उतरतो, गेट उघडतो, मग वळवून आत घेतो. भाऊही तसंच करायचा. वेळही तीच, सातच्या सुमारास.

भावाची बायको त्या वेळी पायरीवर भाजी निवडत बसते. ही तिची जुनीच सवय. डिसेंबरात माझ्या बायकोच्या लक्षात आलं की गाडी थांबली की तिचे हात थांबतात. गेट उघडून मी आत येईपर्यंत मेथीची एक काडीही मोडली जात नाही. मी दिसलो की ती उठून ताट आत नेते. भाजी अर्धीच निवडलेली असते. बायकोला याचा अर्थ सरळ वाटला: ती चाकं बघून तिचा जीव रोज वर-खाली होतो. मलाही तसंच वाटलं. चाकांचा रंग बदलला तर गाडी माझी दिसेल, गेटखाली माझी चाकं येतील, आणि हा रोजचा त्रास थांबेल.

तिलाच विचारलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मी तिला काहीच विचारू शकत नव्हतो.

आम्ही मूळचे उमरेडकडचे. आमच्या घराण्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. आता गावातही हे फारसं कोणी पाळत नसेल. आमच्या घरात तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती माहेराहूनच तसं शिकून आली होती, आणि आम्ही कोणी ते मोडलं नाही. मला काही सांगायचं असलं की ती भिंतीकडे किंवा माझ्या बायकोकडे बघून "म्हणावं" असं लावून सांगते. म्हणावं, वाढलं आहे. म्हणावं, गॅसवाला येऊन गेला. खोलीत तिसरं कोणी नसलं तर ती ओट्यावर पेला ठोकते. भाऊ म्हणायचा, "जाय दादा, पेला बोलावून राहिला तुले." ही चेष्टा बावीस वर्षं चालली. त्यात अपमान नव्हता, दुरावाही नव्हता. माझ्या पथ्याचं वरण ती वेगळं काढून ठेवते हे मला माहीत आहे. मीही तिच्याशी कधी थेट बोललो नाही.

जुलैतल्या त्या दुपारी दवाखान्यातून फोन तिला आला. शनिवार होता, मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती धावत माझ्या दारापर्यंत आल्याचं मी ऐकलं. बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग ती परत फिरली आणि 'बुधवारी' नावाच्या बाजारात गेलेल्या माझ्या बायकोला तिनं फोन लावला. बायकोनं मला लावला. शेजारच्या खोलीतली बातमी मला बाजारातून आली. दारापर्यंत येऊन थांबलेल्या त्या बांगड्या मला अजूनही कधी कधी ऐकू येतात, दुपारी, घरात कोणी नसताना.

तेव्हा चाकांचा प्रश्न माझ्या बायकोनं नेला. तिनं तिला सांगितलं की हे म्हणतात रंग बदलून घेऊ, तुझं काय म्हणणं आहे वं? उत्तर आलं: भासऱ्यायले वाटते तसं करा.

आमच्या घरात हे वाक्य होकारासाठी वापरतात. नकारासाठीही हेच वापरतात, कारण भासऱ्याला नाही म्हणायचं दुसरं वाक्यच नाही. मी ते होकार म्हणून धरलं.

शनिवारी कारखान्यात गाडी नेली तेव्हा मालक हात वर करूनच बाहेर आला. मी उतरलो. त्याला माहीत नव्हतं. बायकोनं सांगितल्यावर त्यानं वर केलेला तोच हात गाडीच्या बॉनेटवर ठेवला. मग त्यानं कामाचं विचारलं. बोटानं चाक घासून म्हणाला, "भाऊ, हा काहून काढता? तीन वर्षांत कुठं पापुद्रा नाही सुटला."

"घरच्यायले नको आहे," बायको म्हणाली.

कामाची रीत त्यानं सांगितली ती अशी. आधी टायर उतरवायचे. मग चाकं जुना रंग सोडवणाऱ्या औषधाच्या टाकीत बुडवून ठेवायची, मग वाळूच्या माऱ्यानं साफ करायची. नंतर आकड्याला टांगून विजेच्या जोरावर कोरडी भुकटी चिकटवायची आणि भट्टीत भाजायची. भुकटी वितळते आणि चाकावर एकजीव होऊन बसते. ब्रशनं लावलेल्या रंगासारखी ती वरवर नसते. पुन्हा काढायची म्हटलं तर पुन्हा टाकी. बुधवारी गाडी देतो म्हणाला. शेजारच्या टायरवाल्यानं गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली. चाकं नसलेली ती गाडी मी एकदाच बघितली. आम्ही ऑटोनं घरी आलो.

रविवारी संध्याकाळी बायको देवळात गेली होती. मी दूध घेऊन पायी आलो आणि गेटातल्या लहान दरवाजातून आत शिरलो. सात वाजत होते. ती पायरीवर बसली होती, पुढ्यात मेथी. मी बाजूनं जाणार, तोच ती मेथीकडे बघून म्हणाली, "रंग कोणता लावून राहिले?"

मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. पेला नव्हता, 'म्हणावं' नव्हतं. मी म्हटलं, "राखाडी."

"तुमाले त्रास होत होता का त्या रंगाचा?"

तिला तू म्हणायचं की तुम्ही, हे मला बावीस वर्षांत ठरवावं लागलं नव्हतं. मी दोन्ही टाळून म्हटलं की त्रास घरात होतो असं मला कळलं होतं.

"मी कधी म्हटलं?"

मी म्हटलं, विचारलं होतं, तेव्हा वाटते तसं करा असं उत्तर आलं.

"मग मी दुसरं काय म्हणणार होती?"

दुधाची पिशवी हातात गळत होती, पायरीवर थेंब पडत होते. ती ते थेंब बघत बोलत राहिली. आवाज चढला नाही. मी जसं आठवतं तसं लिहितो.

"मी येडी नाही झाली. ते येत नाहीत हे मले समजते. रोज समजते. पण चाक येऊन थांबते आणि गेट उघडत नाही, तेवढ्या वेळात कोण आलं हे ठरलेलं नसते. गेट उघडलं का तुमी असता. असा ना, तुमीच असा. तुमच्यावर राग नाही माझा. पण त्याच्या आधीचं तेवढं मले पायजे. ते तुमी काहून नेता?"

मग ती ताट घेऊन आत गेली. मला आधी वाटलं की माझ्याशी बोलली म्हणून गेली. नंतर लक्षात आलं की गाडी येणार नव्हती, तेव्हा बसायचं कारण नव्हतं.

मी अंगणातच उभा राहून कारखान्याच्या मालकाला फोन लावला. रविवार असून त्यानं उचलला. काम थांबवा म्हटलं. तो म्हणाला, "तीन तर गेले ना भाऊ टाकीत. शनिवारी संध्याकाळीच सोडले. टाकीत तीनच मावतात. चौथं बाहेर आहे."

"ते बाहेरच राहू द्या," मी म्हटलं.

बायको देवळातून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण तिचं मत उलट झालं. तिचं म्हणणं असं की हे ऐकल्यावर तर रंग जायलाच हवा. एक चाकसुद्धा ठेवू नये. बाई रोज संध्याकाळी पायरीवर बसून मेलेल्या माणसाची वाट बघते आणि आपण तिला ती बघायला लावतो, याला माया म्हणत नाहीत. अजून किती वर्षं? तिची मुलगी सुट्टीत येईल तेव्हा तिला हे दाखवायचं का? मी म्हटलं, ती वाट बघत नाही, तिनं तसं सांगितलं. बायको म्हणाली, "तुमच्यासंग पहिल्यांदा बोलली म्हणून तुमी भुलले. मी रोज तिच्याजवळ असते. मले दिसते ते." हेही खोटं नव्हतं. तिच्यापाशी बावीस वर्षांचं बोलणं होतं, माझ्यापाशी एका संध्याकाळचं.

सोमवारी मी ऑफिसला उशिरा जाणार असं कळवून कारखान्यात गेलो. माझ्यासमोर तीन चाकं टाकीतून काढली. पोपटी रंग पापुद्र्यांनी सुटला होता, उन्हात सोललेल्या पाठीसारखा. काही पापुद्रे चाकाच्या आऱ्यांना चिकटून लोंबत होते. टाकीच्या तळाशी हिरवट गाळ होता. चाकं आतून मळकट पांढरी निघाली, नवी नव्हे आणि जुनीही नव्हे. ती कोणाच्याही गाडीची असू शकली असती. चौथं कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलं होतं. टायर नसलेलं पोपटी चाक फार लहान दिसतं. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, आणि तरी ते मागे आहे हे कळत होतं.

मी विचारलं, तीनही पुन्हा तशीच करता येतील का? त्यानं रंगांच्या पट्ट्या आणल्या. तो पोपटी आता मिळत नव्हता. जवळचे दोन होते. एक जरा पिवळा, एक जरा गडद. त्यानं गडद पट्टी चौथ्या चाकाला लावून दाखवली. तो म्हणाला की लांबून फरक कळणार नाही. मला जवळूनही फारसा कळला नाही. पण ठरवणारा मी नव्हतो, हे आता मला समजलं होतं.

मी घरी फोन लावला. बायकोनं उचलला. मी म्हटलं, तिला दे. मग बांगड्या वाजल्या. तिनं हॅलो म्हटलं नाही. मी एकदम कामाचं सांगितलं: तीन चाकांचा रंग गेला. तसाच दिसणारा नवा पोपटी लावता येतो. लांबून फरक कळत नाही. एक जुनं जसंच्या तसं आहे. काय करू?

"नवा नको," ती म्हणाली. "तो त्यायनं केलेला नाही राहणार. तो तुमी केलेला होईल."

"आणि एक जुनं आहे ते?"

कारखान्यात वाळूच्या माऱ्याचं यंत्र सुरू झालं, म्हणून मी फोन कानाशी दाबून धरला.

"ते राहू द्या," तिनं सांगितलं.

मालकाला मी सांगितलं: तीन राखाडी, एक तसंच. त्याला मी चेष्टा करतो असं वाटलं. मग तो म्हणाला की साहेब, लोक हसतील. दोन-दोन तरी करा, एका बाजूला एक रंग, तशी फॅशन आहे. मी म्हटलं, एकच शिल्लक आहे. त्यानं ठरलेल्या पैशांचा विषय काढला नाही. मीच काढला. चौथ्याचे अठ्ठावीसशे तो घेणार नाही म्हणाला, हात नाही लावला तर पैसे कशाचे. ते चाक त्यानं साबणानं धुऊन ठेवतो म्हटलं.

घरी बायकोनं माझं ऐकून घेतलं. मंगळवारी रात्री जेवताना तिनं सांगितलं की उद्या संध्याकाळी वेल्डर येणार आहे. गेटखालून कुत्री आत येतात, अंगणात घाण करतात. खाली बिजागरीवर पत्र्याची झडप लावून घ्यायची, गेट उघडताना ती वर उचलता येते. कुत्री खरंच येत होती. दोन वर्षं येत होती. भावाची बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. तिनं भिंतीलासुद्धा काही सांगितलं नाही. मी म्हटलं, कुत्र्यांचं पावसाळ्यात बघू. बायको म्हणाली, "चाकांचं तुमी ठरवलं. गेटाचं मी ठरवून राहिली." घरात एक बाई एका चाकासाठी आणि दुसरी त्याच्याविरुद्ध उभी होती, आणि दोघींनाही त्या चाकाचा रंग आवडतो की नाही हे मला आजही माहीत नाही.

बुधवारी ऑफिसातून थेट वाडीला गेलो. गाडी तयार होती. टायरवाल्यानं पोपटी चाक कुठे बसवू विचारलं. मी म्हटलं, डावीकडे, पुढे. त्यानं विचारलं नाही काहून. राखाडी चाकं चांगली झाली होती, अगदी एकसारखी, त्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. मी निघालो.

त्या दिवशी रस्त्याच्या उजवीकडून कोणी हात केला नाही. डावीकडून केला. एका पानठेल्यावरचा माणूस, पुढे औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा असलेला एक जण. उजवीकडच्या लोकांसाठी गाडीत मी होतो. डावीकडच्यांसाठी अजून तो होता. सिग्नलला थांबलो की मला बाजूच्या सीटकडे बघायची इच्छा व्हायची. मी बघितलं नाही. सीटवर माझा डबा होता, हे मला माहीत होतं.

गल्लीत वळलो तेव्हा सात व्हायला आले होते. गेटाबाहेर वेल्डरची स्कूटर उभी होती, मागे यंत्र बांधलेलं. तो गेटाखाली वाकून टेपनं माप घेत होता. मी गाडी नेहमीसारखी गेटासमोर थांबवली. पोपटी चाक त्याच्या पाठीमागे दोन हातांवर आलं. तो दचकून उठला, चाकाकडे बघितलं, मग मागच्या राखाडी चाकाकडे, मग माझ्याकडे. मी इंजिन बंद केलं नाही. उतरलोही नाही. मला उतरायचं होतं, सवयीनं हात दाराच्या कडीवर गेला होता.

वेल्डरला वाटलं मी त्यानं गेट उघडायची वाट बघतो. चांगला माणूस होता. टेप खिशात घालून त्यानं गेटाची कडी धरली.

आतून माझ्या बायकोचा आवाज आला. "थांबा. उघडू नका गेट."

आवाज पायरीच्या बाजूनं आला होता. एरवी ती या वेळी स्वयंपाकघरात असते. ती खाली, भावाच्या बायकोच्या शेजारी बसलेली असणार. नजर रस्त्याच्या जरा वर येईल इतकी खाली.

वेल्डरनं कडी सोडली. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हातानं थांबा म्हटलं. गाडीत मला माझ्याच इंजिनाचा आवाज येत होता आणि तो मला दुसऱ्या कोणाचा वाटत होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. गल्लीतून शिकवणीची दोन मुलं गेली, त्यांतल्या एकानं चाक दुसऱ्याला दाखवलं आणि दोघं हसले. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. घड्याळ समोरच होतं. बघितलं नाही.

मग लहान दरवाजा वाजला आणि बायको बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती सरळ वेल्डरकडे गेली आणि म्हणाली की झडप नको, राहू द्या. तो म्हणाला, बाई, माप घेतलं आहे, पत्रा उद्या कापून आणतो. ती म्हणाली, "नको ना भाऊ. कुत्र्यायचं आम्ही पाहून घेऊ." तिचे डोळे लाल होते आणि हातात मेथीची जुडी होती. तिनं ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि कमरेचा बटवा सोडला.

तीन चाकांचे चौऱ्याऐंशीशे रुपये मी बुधवारीच कारखान्याच्या मालकाला दिले; चौथ्याचं त्यानं काही घेतलं नाही. टायरवाल्याला चारही टायर काढण्या-बसवण्याचे आणि बॅलन्सिंगचे बाराशे. वेल्डरला त्याच्या येण्या-जाण्याचे शंभर. ते माझ्या बायकोनं दिले.